दलदलीतली रुई: स्वॅम्प मिल्कवीडच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

आज बेसिनच्या तळाशी साध्या बुटांनी फिरता आलं. एरवी या दिवसांत तिथे पाय घोट्यापर्यंत रुततो. ऑक्टोबरमध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. न्यू जर्सीत १८९५ पासूनच्या पावसाच्या नोंदी आहेत, आणि त्यात इतका कोरडा महिना दुसरा नाही. गेल्या आठवड्यात राज्याने दुष्काळाचा इशारा जाहीर केला. वणव्यांच्या धुराचा वास अधूनमधून इथपर्यंत येतो.

बेसिनमध्ये लॉनऐवजी स्वॅम्प मिल्कवीड लावायच्या आमच्या कामाला मात्र हा कोरडेपणा सोयीचा ठरला. बेसिन म्हणजे वसाहतीतल्या छपरांवरून आणि रस्त्यांवरून येणारं पाणी थोपवायला बिल्डरने खोदलेला उथळ, मोठा खड्डा. पाणी त्यात भरतं आणि दुसऱ्या टोकाच्या जाळीतून हळूहळू ओढ्याला जातं. गेली कित्येक वर्षं त्यात लॉन राखायचा अट्टहास चालला आहे. दर वसंतात गवत कापायचं यंत्र चिखलात रुततं, ते ओढून काढायचे पैसे वेगळे, आणि चाकांच्या चाऱ्यांत पुन्हा पाणी साचतं. एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाच्या, बैठकीत फुलपाखरांबद्दल मी जे बोलले ते सगळ्यांनी सौजन्याने ऐकून घेतलं. ठराव पास झाला तो या यंत्राच्या खर्चामुळे.

गावाच्या इंजिनिअरच्या अटी: जाळीभोवती काही लावायचं नाही, बांधावर झाडंझुडपं नकोत, भराव टाकून खड्ड्याची धारणक्षमता कमी करायची नाही. बेसिनपलीकडच्या ओढ्याकाठाला हातच लावायचा नाही. ती खरीखुरी पाणथळ जमीन आहे, १९८७ च्या राज्य कायद्याखाली येते, तिथे खणायलाही परवानगी लागते. सगळ्या अटी रास्त आहेत.

मागच्या पुरांनी पाणी कुठवर चढलं ते काडीकचऱ्याच्या वाळलेल्या रेघांवरून स्पष्ट दिसतंय. त्या रेघा धरून तीन पट्टे आखले आणि रंगीत फिती बांधून खुंट्या ठोकल्या. निळी फीत तळाला, जिथे पाणी सगळ्यात शेवटी हटतं. पिवळी उताराच्या पायथ्याला. लाल उताराच्या मध्यावर. एकच झाड तिन्ही ठिकाणी लावून बघायचं. पुस्तकात ‘ओलसर जमीन’ असा एकच शब्द असतो, आणि या खड्ड्यात ओलीचे निदान तीन प्रकार आहेत.

झाड: स्वॅम्प मिल्कवीड, अ‍ॅस्क्लेपिअस इन्कार्नाटा. इथलंच, बहुवर्षायू, तीन ते पाच फूट उंच. रानोमाळ दिसणारं साधं मिल्कवीड जमिनीखालून मुळं पसरवत शेजारच्या वाफ्यात निघतं, तसं हे करत नाही. जागच्या जागी गड्डा धरून झुडूप होतं. एचओएसमोर हा मुद्दा कामी आला. बी घरचंच, मागच्या अंगणात छपराच्या पन्हळीखाली वाढलेल्या जुन्या झुडपांचं.

१२ जानेवारी २०२५

पेरणी. बाहेर बर्फ असताना पेरणी म्हटलं की भारतातले नातेवाईक फोनवर हसतात. पण या बियांना थंडी लागतेच. ओल्या गारव्यात महिना-दीड महिना काढल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत. शरद ऋतूत बी गळतं तेव्हा ते लगेच उगवलं तर हिवाळ्यात रोप मरणार, म्हणून ही सोय.

दुधाचे गॅलनचे कॅन मधोमध कापले, तळाला भोकं पाडली, माती भरली, बी पसरून वर जेमतेम चिमूटभर माती भुरभुरली, चिकटपट्टी लावून बंद केले आणि झाकणं काढून अंगणात उत्तरेच्या भिंतीशी ठेवून दिले. वरून बर्फ पडेल, वितळेल, आत ओल राहील. आणखी थोडं बी ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘खायचं नाही’ असं लिहिलं आहे.

३० मार्च

संध्याकाळी बेसिनमधून इवल्याशा बेडकांचा कलकलाट. तळाला वितभर पाणी.

डासांची तक्रार आली. अपेक्षितच होती. उत्तर लिहून पाठवलं: असं बेसिन पावसानंतर ७२ तासांत रिकामं व्हायला हवं असा राज्याचा नियम आहे, आणि डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडाभर लागतो. पाणी त्याहून जास्त दिवस थांबलं तर दोष जाळी तुंबल्याचा असतो, रोपांचा नसतो. तक्रार करणाऱ्यांच्याच परसात पालथी न घातलेली बादली आहे, ते मात्र लिहिलं नाही.

२० एप्रिल

कॅनमधलं बी उगवलं. फ्रिजमधलं खिडकीत उबेला काढून ठेवलेलं त्याच्या आधीच वर आलं, पण ती रोपं लांबुडकी आणि लेचीपेची आहेत. बाहेर उगवलेली बुटकी आणि ताठ. पुढच्या वर्षी फ्रिजची भानगड करायची नाही, जागा तेवढीच वाचेल.

पहिली खरी पानं समोरासमोर, अरुंद. रोपं चार पानांवर आली की खोल कुंड्यांत हलवायची. या मिल्कवीडची मुळं तंतूंची, झुबकेदार, म्हणून ते हलवणं सोसतं. कोरड्या जागेतल्या नारिंगी फुलांच्या बटरफ्लाय वीडला गाजरासारखं सोटमूळ असतं, ते दुखावलं की रोप बसतं.

११ मे

जुन्या झुडपांच्या जागी अजून नुसती माती. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, “मेलं का हो ते तुमचं?” दरवर्षी विचारतात. मिल्कवीड वसंतात सगळ्यांच्या शेवटी उठतं. आयरिसची पानं गुडघ्याला लागतात तेव्हा याचा पहिला जांभळट कोंब दिसतो. ‘जागा रिकामी आहे’ असं समजून लोक त्यावरच झेंडू लावतात. बेसिनमध्ये खुंट्या हलवायच्या नाहीत, त्याचं हेही एक कारण.

२५ मे

लागवड. महिनाभर पाऊस चांगला झाला, कुदळ सहज जातेय. इथली माती तांबडी, चिकण, खाली शेल खडक. ओली असताना बुटाला चिकटते, वाळली की वीट. कंपोस्ट घातलं नाही, खत नाही. इंजिनिअरची अट एक, आणि दुसरं म्हणजे या झाडाला जडसर मातीचं वावडं नाही. मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून पाणी साचलेल्या चिखलातही ते गुदमरत नाही.

लॉनचा पातळ थर चपट्या फावड्याने सोलून काढला. बागेत आपण पुठ्ठा अंथरून वर लाकडाचा भुसा टाकतो, गवत दबतं. इथे ते चालत नाही. पहिल्या पावसात पुठ्ठा तरंगेल आणि भुसा जाऊन जाळीत बसेल. त्याऐवजी मधल्या जागेत लव्हाळ्यासारखी कॅरेक्स लावली, तिने जमीन झाकायची. अंतर दीड ते दोन फूट.

तिन्ही पट्ट्यांत दोन प्रकारची रोपं: या वर्षीची कोवळी, आणि देशी झाडांच्या रोपवाटिकेतून आणलेली मुळं भरलेली मोठी. जोडीला जो-पाय वीड, आयर्नवीड आणि तळाशी निळी आयरिस. रोपवाटिकेत एकच प्रश्न विचारायचा, कीटकनाशक वापरलंय का. निऑनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक रोपाच्या अंगात भिनतं. जे झाड अळ्यांनी खावं म्हणून लावायचं, तेच त्यांना विष होऊन बसतं.

२४ जून

उष्णतेची लाट. नेवार्कला आज १०३ फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये ३९ च्या वर. लाल पट्ट्यातली कोवळी रोपं दुपारी माना टाकतात, पहाटेपर्यंत सावरतात. पिवळ्यातली ताठ. निळ्यात अजून ओल आहे, तिथे तर ऊन जणू पडतच नाही. बादलीने पाणी घातलं ते फक्त लालला.

अंगणातल्या जुन्या झुडपावर मोनार्क फुलपाखराची अंडी. पानाच्या पाठीला एकेक सुटं, मलईच्या रंगाचं, टाचणीच्या डोक्याएवढं. भिंगातून त्यावरच्या उभ्या धारा दिसतात.

६ जुलै

आई गेल्या आठवड्यात वाईहून आली. तिला झुडूप दाखवलं. तिने न विचारता पान खुडलं, देठाशी पांढरा चीक आला, बोटांवर चोळून पाहिला आणि म्हणाली, “ही रुईचीच कुणीतरी. चीक जरा पाणचट आहे एवढंच. डोळ्याला हात लावू नकोस हं.” वनस्पतिशास्त्रज्ञांना जे म्हणायला फुलं उलगडून बघावी लागतात ते तिने चिकावरून सांगितलं. दर शनिवारी मारुतीला हार करायला रुईची पानं तोडणारी बाई. रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातली खरीच, आणि आपल्याकडे रुईवर अंडी घालणारं नारिंगी प्लेन टायगर हे मोनार्कच्याच प्रजातीगटातलं फुलपाखरू.

शेंड्यांवर पिवळाधमक मावा. काळ्या पायांचा, दाटीवाटीने. आईने तोही ओळखला, “हा आपल्या रुईवर आणि कण्हेरीवर असतो तोच.” बरोबर आहे. हा कण्हेरीचा मावा जगभर फिरलेला आहे. सगळ्या माद्या, नराची गरज नाही, थेट पिल्लंच जन्माला घालतात, म्हणून आज चार तर आठवड्याने खोड दिसेनासं.

“राख टाक,” आई म्हणाली.

“खाली अंडी आहेत ना.”

“मग बोटांनी चिरड.”

तसंच केलं. साबणाचं पाणी माव्यासोबत अंडी आणि अळ्याही मारतं, म्हणून ते नको. पाण्याचा जोरदार फवारा चालतो, पण आधी पान उलटून बघायचं. आणि निम्मा मावा मुद्दाम ठेवला. त्यात तपकिरी फुगलेले, कडक झालेले काही दिसले. आत बारीक गांधीलमाशीने अंडं घातलंय. लेडीबर्डच्या अळ्याही आल्यात. त्यांना खायला काहीतरी हवं.

१६ जुलै

सोमवारी १४ तारखेला संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस. राज्यात आणीबाणी जाहीर झाली, प्लेनफिल्डला गाडी वाहून जाऊन दोघांचा जीव गेला. आमच्याकडे फक्त बेसिन काठोकाठ भरलं. निळ्या खुंट्या दिसेनाशा झाल्या, पिवळ्यांची टोकं तेवढी वर.

१८ जुलै

पाणी उतरलं, ७२ तासांच्या आतच. तळावर गुळगुळीत गाळ.

निळ्या पट्ट्यातली कोवळी रोपं गाळात चिकटून आडवी झालीत, पानांवर लेप. बहुतेक जातील. त्याच पट्ट्यातली रोपवाटिकेची मोठी रोपं उभी आहेत, खालची पानं मळली आहेत इतकंच. पिवळ्यात काहीच फरक नाही. म्हणजे ‘दलदलीतलं झाड’ असलं तरी लहानपणी त्याचं डोकं पाण्याबाहेर हवं. बी पाण्याखाली रुजत नाही, रोप बुडून जगत नाही, पण मूळ एकदा धरलं की पुराचं त्याला काही नाही.

२ ऑगस्ट

ग्रेट स्वॅम्पला जाऊन आलो. मॉरिस काउंटीतली ही दलदल भरून तिथे विमानतळ करायचा बेत १९५९ मध्ये जाहीर झाला होता. लोकांनी पैसे उभे करून जमीन विकत घेतली, सरकारला दिली, आणि १९६० मध्ये तिथे वन्यजीव अभयारण्य झालं. लाकडी पायवाटेवरून मला बघायचं होतं ते एवढंच, की कोणी न लावता हे झाड कुठे उगवतं. मोकळ्या पाण्यात नाही. लव्हाळ्याचे उंचवटे पाण्यातून वर आलेत, त्यांच्या खांद्यावर. ओंडका कुजलाय, त्याच्यावर. पाण्यापासून वितीभर वर. बी चपटं असतं, कडेने रुंद पातळ झालर, तरंगत जाऊन अशा कडेला लागतं. आमचा पिवळा पट्टा म्हणजे तीच उंची.

अंगणात फुलं भरात. बेसिनमधल्या मोठ्या रोपांपैकी काहींना पहिले गुच्छ आलेत, गुलाबी, व्हॅनिलासारखा मंद वास. कोवळ्यांना पुढच्या वर्षी येतील.

एका फुलावर लहानशी माशी लटकलेली दिसली, म्हणून भिंग आणलं. फुलाच्या पाच पाकळ्या खाली वळलेल्या, वर पाच गुलाबी द्रोण, प्रत्येकातून आत वाकलेलं एक शिंग. रुईच्या फुलात मधे जो मुकुट दिसतो त्याच धाटणीची ही रचना. दोन द्रोणांमध्ये अगदी अरुंद उभी फट. मध प्यायला आलेल्या किड्याचा पाय गुळगुळीत कडेवरून घसरून या फटीत जातो. वर ओढला की फटीच्या टोकाचा काळा चिमटा पायाला बसतो, आणि चिमट्याला दोन बाजूंनी लटकलेल्या परागांच्या पिवळ्या पिशव्या सोबत निघतात. दुसऱ्या फुलाच्या फटीत पिशवी अडकून सुटली तरच फळ धरतं. मोठी भुंगेरी माशी, गांधीलमाशी पाय उपसून निघून जाते. ही लहान होती, तिला जोर पुरला नाही. टाचणीने सोडवली तर एक पाय तिथेच राहिला. इतकी फुलं असूनही गुच्छाला दोन-तीनच शेंगा का धरतात ते यावरून कळतं.

९ ऑगस्ट

पर्पल लूसस्ट्राइफ उपटलं. बेसिनच्या कोपऱ्यात फुललंय आणि लांबून मिल्कवीडच वाटतं, म्हणून मदतीला येणाऱ्यांना आधी फरक दाखवावा लागतो: लूसस्ट्राइफचा दांडा चौकोनी, फुलांचा तुरा उभा आणि लांब, तोडलं तर चीक नाही. युरोपातून आलेलं, एकेका झुडपाला लाखांनी बी. मोठ्या दलदलींत ते हाताने संपत नाही, म्हणून १९९२ पासून त्याची पानं खाणारे युरोपातलेच भुंगेरे सोडतात. आमच्याकडे तेवढं नाही. बी धरायच्या आत फावड्याने मुळासकट काढलं आणि काळ्या पिशवीत बांधलं. कंपोस्टमध्ये टाकायचं नाही.

२१ ऑगस्ट

गवत कापणाऱ्यांनी लाल पट्ट्याचा अर्धा भाग भादरला. खुंट्या सुद्धा कापल्या गेल्या. नेहमीचा माणूस सुट्टीवर, नव्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कार्यालयात फोन केला तर ‘नोंद घेतली’. त्या भागात अळ्या होत्या. सकाळीच पाहिल्या होत्या, पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, बोटाएवढ्या, कोषावर जायच्या बेतात.

रोपांचं काही बिघडणार नाही. गड्डा शाबूत आहे, फुटवा येईल. पण या प्रकल्पाला खरा धोका कशाचा ते एका दुपारात दिसलं. दुष्काळ, उष्मा, पूर यांतून जे तगलं ते यंत्राच्या दोन फेऱ्यांत गेलं.

उपाय: खुंट्यांऐवजी कमरेएवढे लोखंडी खांब आणि दोरी, रोज बघितलं जाईल असा फलक, आणि कराराच्या कागदावर नकाशासह एक ओळ. फलकावर ‘पाणी जिरवण्यासाठी लागवड, कापू नये’ असं लिहिलंय. फुलपाखराचं चित्र त्याखाली.

१४ सप्टेंबर

कापलेल्या भागात हातभर फुटवा, आणि तो कोवळा असल्यामुळे त्यावर पुन्हा अंडी. लाल पट्ट्यात यंत्रातून वाचलेली रोपं मात्र पावसाची ओढ बसल्यावर पिवळी पडली. उतार या झाडाचा नाही, तिथे पुढच्या वर्षी आयर्नवीड.

एका वाचलेल्या दांड्याजवळ, आयरिसच्या पानाखाली कोष सापडला. पोपटी, वरच्या कडेला सोनेरी ठिपक्यांची ओळ. आतून निघेल ती मेक्सिकोला जाणारी पिढी. उन्हाळ्यातलं फुलपाखरू काही आठवडेच जगतं, हे आठ महिन्यांपर्यंत. वाटेत न्यू जर्सीच्या दक्षिणेला केप मेच्या टोकाला थवे थांबतात, समुद्राची खाडी ओलांडण्याआधी.

मेक्सिकोच्या डोंगरात ओयामेल फरच्या झाडांवर ती हिवाळा काढतात, आणि त्यांनी किती हेक्टर जंगल व्यापलं यावरून संख्येचा अंदाज बांधतात. १९९६-९७ ला १८.१९ हेक्टर, २०२३-२४ ला ०.९०, गेल्या हिवाळ्यात १.७९. हे आकडे सांगून लोकांना मिल्कवीड लावायला लावणं सोपं आहे, मीही ते केलं आहे. पण एका अंगणाने मोनार्क वाचेल असं मी आता म्हणत नाही. हे झुडूप मावा, भुंगेरे, बिया शोषणारे नारिंगी ढेकूण, माश्या अशा कितीतरी पोटांना पुरतं, मोनार्क त्यातलं एक. ज्यांना पान अख्खं राहिलेलं आवडतं त्यांनी हे लावू नये.

ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, हळदीकुंकू नावाचं झाड (अ‍ॅस्क्लेपिअस कुरासाविका) लावलं तर? तेही मिल्कवीडच, पण दक्षिणेकडचं. न्यू जर्सीत पहिल्या कडक थंडीत मरतं, म्हणून अपाय नाही. फ्लोरिडा, टेक्साससारख्या ठिकाणी ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, फुलपाखरं तिथेच रेंगाळतात आणि त्यांच्यातला एक परजीवी पानांवर साठत जातो. देशी झाड थंडीत वाळून ती साखळी तोडतं. त्यांच्या बहिणीचं घर फ्लोरिडात टँपाला आहे, त्यांना मात्र स्पष्ट नको म्हणून सांगितलं.

५ ऑक्टोबर

बी काढणी. शेंग बोटांनी दाबल्यावर शिवण आपोआप उकलली तरच तोडायची, आतलं बी तपकिरी हवं. पांढरं निघालं तर वाया. उकललेली शेंग तशीच ठेवली तर वाऱ्यावर म्हातारी उडून जाते, म्हणून गेल्या आठवड्यातच शेंगांना दोरा बांधला होता. सोपी पद्धत: कापसाचा झुबका फुलायच्या आत टोकाला चिमटीत धरायचा आणि अंगठ्याने बी खाली ओढायचं. फुलू दिला की घरभर.

या कापसाला एके काळी किंमत होती. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतल्यावर तिकडचा सावरीचा कापूस बंद झाला, तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी रानातून मिल्कवीडच्या शेंगा गोण्या भरभरून आणल्या. तो कापूस खलाशांच्या तरंगत्या जाकिटांत भरला. धागे पोकळ आणि मेणचट असल्यामुळे पाणी आत शिरत नाही.

पाकिटं भरायला आई बसली होती. पुढच्या आठवड्यात ती परत जाणार. वाईला थोडं बी न्यायचा तिचा विचार मी मोडून काढला. परदेशी बी नेऊ नये, आणि अंगणाबाहेर तिची रुई आहेच.

वाटपासाठी ठरवलं ते असं. पन्हळीखाली, उताराच्या पायथ्याशी, तळ्याच्या कडेला जागा असेल त्यालाच हे बी द्यायचं. ज्यांचं अंगण उंचावर आणि कोरडं, त्यांना बटरफ्लाय वीडचं. बेसिनमध्ये या हिवाळ्यात पिवळ्या पट्ट्यावर बी थेट जमिनीवर फेकायचं, बुटाने दाबायचं. निळ्यात फक्त दोन वर्षांची रोपं. वाळलेले दांडे आत्ता कापायचे नाहीत. मार्चमध्ये कापायचे, तेही वीतभर उंचीवर, पोकळ दांड्यांत घर करणाऱ्या मधमाश्यांसाठी. तारीख गवतवाल्यांना आणि त्यांच्या बदलीवर येणाऱ्यालाही लेखी.